राऊटरचा पहारा

या, असे उंबऱ्याशी का थबकलात? पुढे सरका, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. मांडी घाला ऐसपैस आणि तो मोबाईल तेवढा खिशात ठेवा. आज मी तुम्हाला एका चार शिंगांच्या पेटीची कथा सांगणार आहे. सुरांची पेटी नव्हे हो; हिरवे डोळे मिचकावणारी, मागे वायरीची शेपटी असलेली पेटी. गावातली जाणती माणसं तिच्यापुढे वाकलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. ऐका तर.

"दत्ताला तोंडं तीन. तेव्हा तीन शिंगांचा दाखवा," बापू रहाटे म्हणाले.

लांज्याच्या बाजारपेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आम्ही दोघं उभे होतो. बापू आमचे शेजारी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि माझ्या सासऱ्यांच्या कीर्तनात झांज धरणारे. समोर काचेवर राऊटरची खोकी मांडलेली, आणि बापू गाभाऱ्यात शिरल्यासारखे चपला बाहेर काढून आलेले.

"तीनचा नाही काका," दुकानदार म्हणाला. "दोन अँटेनांचा आहे, चारचा आहे."

बापूंचं तोंड उतरलं. मग एकदम फुललं. "चार? अहो, दत्ताच्या पायाशी कुत्री किती? चार! चार वेद ते. द्या, चारचाच द्या!"

"चारही भुंकतील ना पण?" मी म्हटलं. "आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे, हातहातभर जाड भिंती. वायर ओटीवर येते आणि आम्हाला हवंय मागच्या खोलीत."

दुकानदार समजावू लागला, "ताई, यात दोन लहरी असतात. एक वेगवान, पण भिंत आली की दमते. दुसरी जरा सावकाश, पण लांबवर पोचते."

"कळलं," बापूंनी हात वर केला. "पहिली म्हणजे तार सप्तकातली तान. मंडपात टाळ्या घेते, पण कनातीबाहेर कुणाला पत्ता नाही. दुसरी म्हणजे खर्ज. तो गुरवाच्या गोठ्यापर्यंत ऐकू येतो. आम्हाला खर्जाचा द्या."

"दोन्ही एकातच असतात, काका."

"मग हा राऊटर कशाला म्हणता? बुवाच म्हणा की!"

आता ही गडबड कशासाठी चालली होती, ते सांगते. माझे सासरे वासुदेवबुवा पाध्ये, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अख्ख्या तळकोकणात कीर्तनं केलेला माणूस. ते आपल्याच सुपारीच्या बागेत पाण्याच्या पाटावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं, पण खाटेवरून हलायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी. खाट तरी कशी? शिसवी, मच्छरदाणीच्या चार खांबांची, खोलीतच जुळवलेली. दारातून ती बाहेर निघाली नसती आणि अण्णा तिच्यावरून.

आणि तिकडे इंदूरला माझी नणंद वैजयंती. तिथे ती गाणं शिकवायची. कीर्तन अण्णांकडेच शिकलेली. त्या वर्षी दत्तजयंतीला तिथल्या दत्तमंदिरात ती पहिल्यांदा एकटी नारदाच्या गादीवर उभी राहणार होती. अण्णा पुढे बसणार, पूर्वरंग संपला की आपल्या हातानं तिला बुक्का लावणार, असं ठरलेलं. ते सगळंच त्या घसरण्यानं मोडलं.

आमचं गाव दरीत. मोबाईलवर बोलायचं तर वर सड्यावर, उघड्या कातळावर चढून जावं लागे. तिथे वाऱ्यात पदर सावरत मी वैजूशी बोलले.

"वहिनी, पदं पाठ आहेत, सूर पक्का आहे," ती म्हणाली. "पण अण्णांचा चेहरा समोर नसला की मला पुढची ओळ आठवत नाही. लहानपणापासून हे असंच आहे. मी देवळात कळवून टाकते, दुसरं कुणी बघा म्हणून."

"कळवू नकोस! गावात वायरीचं इंटरनेट आलंय. मी अण्णांना तुझ्यासमोर आणून बसवते."

"शब्द?"

"शब्द!"

देऊन बसले शब्द. राऊटर म्हणजे काय, हे तोवर मला धड ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला, श्रीनिवासला, देवळात अण्णा दिसायचा पडदा सांभाळायला इंदूरला धाडलं आणि इकडचं सगळं माझ्या गळ्यात.

राऊटर घरी आला तेव्हा माझ्या सासूबाई, माई, दारातच उभ्या होत्या. माई नेहमी दारातच असायच्या. अण्णांचं कुठलंही कीर्तन आठवून पाहा. माई चौकटीला टेकून उभ्या, एक कान कीर्तनाकडे आणि एक चुलीवरच्या प्रसादाच्या शिऱ्याकडे. बसलेल्या अशा मी त्यांना पाहिल्याच नव्हत्या.

"आणलात? दे इकडे," त्या म्हणाल्या. "नवी वस्तू आधी देवापुढे."

खोकं उघडलं, राऊटरला हळदकुंकू लागलं, चारी शिंगांवर अक्षता पडल्या. आणि माईंनी त्याला देव्हाऱ्यातच बसवलं. मागे पितळी प्रभावळ, डावीकडे समई, उजवीकडे तांब्याचा कलश, पुढ्यात घंटा.

"उत्सव पार पडेपर्यंत इथंच राहू दे. देवाच्या पायाशी असला म्हणजे काळजी नाही."

केबलवाला येऊन सगळं जोडून गेला. हिरवे दिवे लागले. बापूंनी टाळ्या वाजवल्या. मी टॅब घेऊन अण्णांच्या खोलीत गेले, तर तिथे शुकशुकाट. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

"फिरतंय, म्हणजे चालू असेल," बापू म्हणाले.

"बापू, प्रदक्षिणा घालतंय ते. देव अजून भेटलेला नाही," खाटेवरून अण्णा म्हणाले. "सूनबाई, ठेवलाय कुठे त्याला?"

"देव्हाऱ्यात."

अण्णा असे हसले की कमरेत कळ येऊन त्यांना उशी चावावी लागली. "अगं, एकदा मला असंच भांड्यांच्या कोठीपुढे उभं केलं होतं! जे गाईन ते पातेल्यांनीच ऐकलं. धातूच्या पुढ्यात नको, पाण्याच्या पिंपाजवळ नको, कोपऱ्यात तर नकोच. बुवा कुठे उभा राहतो? मंडपाच्या मध्यावर आणि चौरंगावर. त्याला तसं उभं करा."

पण देवाला दिलेली वस्तू उचलायची कशी? माईंनी क्षणभर डोळे मिटले, हात जोडले. "देवा, परत नाही मागत हो. लेकीसाठी उसना नेते," म्हणाल्या आणि स्वतःच राऊटर उचलून माझ्या हातात दिला.

मग काय धमाल सांगू! मी राऊटर घेऊन पुढे, बापू वायरीचं वेटोळं सोडत मागे, आणि अण्णा टॅब छातीवर ठेवून खाटेवरून हुकूम सोडतायत. "अजून वर! हां, आला! गेला! बापू, तुम्ही मधून सरका, तुमचं पोट आडवं येतंय!" लोखंडी कपाटावर ठेवला, तर सगळं ठप्प. खिडकीत ठेवला, तर दिसायला लागलं, पण ते सगळं बाहेरच्या फणसाला. आत काही नाही. माजघराच्या मध्यावर वायर संपली. दुकानातली सगळ्यात लांब वायर ती, तिथंच संपली. पण नेमक्या त्या जागी, अण्णांच्या दारासमोर, डोक्याच्या उंचीवर धरला आणि आतून अण्णा ओरडले, "अहाहा! श्रीनिवासचं नाक दिसतंय!"

वर पाहिलं तर तुळईला लोखंडी कडी. तिला सुतळी बांधून राऊटर लटकवला. अधांतरी, मध्यावर, उंचावर. झुंबरच जणू! रोज संध्याकाळी वैजू पलीकडून एखादं पद म्हणायची, अण्णा ताल धरायचे. मी इतकी खुशीत की वाढताना आमटीच्या जागी ताक ओतत होते.

असं करता करता दत्तजयंती उजाडली.

दुपार कलली. गावातली माणसं जमू लागली, वैजूचं कीर्तन ऐकायला. अण्णांची खोली भरली, मग माजघर भरलं. खोलीच्या दारातून ज्यांना टॅब दिसत नव्हता, ते म्हणाले आम्ही ऐकू, कान आहेत. तिकडे देऊळही भरलेलं पडद्यावर दिसत होतं आणि निळ्या नऊवारीत वैजू तानपुरा जुळवत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माई आल्या. हातात फुलांनी सजवलेला, चिमुकला सागवानी पाळणा.

"सरका रे, पाळणा बांधायचाय," त्या म्हणाल्या. आणि वर बघून थबकल्या.

मीही वर पाहिलं. बापूंनी पाहिलं. माजघरातल्या सगळ्यांनी पाहिलं.

ती कडी! ती पाळण्याची कडी होती हो. वर्षातून एकदा, दत्तजन्माला, देवाचा पाळणा त्याच कडीला लागायचा. अण्णांच्या आजोबांपासून. इतके दिवस रोज तिच्याखालून आम्ही गेलो-आलो आणि एकालाही आठवू नये! घरात दुसरी कडी नाही, आणि चिऱ्याच्या भिंतीत आयत्या वेळी खिळा शिरत नाही.

"पाळण्यातच ठेवू या की देवाशेजारी," बापूंनी तोड काढली.

"आणि झोका दिला म्हणजे?" मी म्हटलं. "वैजू एकदा येईल, एकदा जाईल."

"देवाच्या पाळण्यात देवच," माई म्हणाल्या आणि ते प्रकरण तिथंच संपलं.

राऊटर उतरवला. स्टुलावर ठेवला, तर भोवती माणसं बसलेली; माणसांच्या गर्दीत लहरी बुडतात, हे तेव्हा कळलं. स्टुलावर पाट, पाटावर पाट असा मनोरा रचला. तो कुणाच्या तरी गुडघ्यानं ढासळला आणि राऊटर बापूंनी हवेतल्या हवेत झेलला. तसेच ते उभे राहिले, दोन्ही हातांनी तो खांद्याशी धरून.

"आली!" आतून अण्णा ओरडले. "आहे तस्से राहा! कोणी हलू नका!"

पलीकडे वैजूनं नमन धरलं होतं.

बापू हलले नाहीत. बापूंनी खोकला गिळला. नाकावर माशी बसली ती तिच्या सवडीनं उठून गेली. नमन झालं, निरूपणाला सुरुवात झाली, आणि बापूंचे हात लागले कापायला. हात कापला की आत चित्र कापायचं, आणि चित्र कापलं की वैजूचा आवाज. एकदा ती वाक्याच्या मध्येच थांबली. "अण्णा?" एवढंच म्हणाली. देवळात चुळबुळ झालेली आम्हाला इकडे ऐकू आली. माझाच शब्द होता ना तो!

"आहे गं, आहे! चालू दे!" अण्णांनी टाळी दिली, आणि तिनं पद उचललं.

"कुणीतरी घ्या रे," बापू ओठ न हलवता पुटपुटले. "पण खाली टेकवू नका. वीणा आहे असं समजा."

आणि मग मंडळी, सगळ्या माजघराला एकदम उमगलं. आमच्या देवळात दर वर्षी नामसप्ताह होतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एक उभा दमला की दुसरा पुढे होतो. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. त्याला पहारा म्हणतात. गावातल्या पोरासोरांनाही ते येतं. दुकानदाराला जे सांगता आलं नसतं, ते आमच्या गावाला जन्मापासून येत होतं!

पोस्टमन धोंडू गुरव उठले. बापूंच्या पाया पडले. बापू राऊटरसकट त्यांच्या पाया पडले. वायर दोघांच्या गळ्यात. आत चित्र गोठलं, वैजू 'आ' करून थांबलेली, आणि पलीकडे म्हणे आमचे अण्णा एक हात वर केलेल्या पुतळ्यासारखे. "वाकू नका रे! मनातल्या मनात पाया पडा!" मी दबक्या आवाजात ओरडले. सोडवली वायर. चित्र आलं. पुढच्या पाळीला यमुनाकाकू आल्या, तर त्यांनी नुसती मान लववली, आणि धोंडूंनी नुसते डोळे मिटले. मग तांडेल आले, शाळेच्या बाई आल्या. जो तो रांगेत. हिरवे दिवे लुकलुकतायत, बाया-बाप्ये आळीपाळीनं राऊटर खांद्याशी धरून उभे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव, की साक्षात नारदाचीच वीणा हातात आली आहे. मी पदर तोंडात कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पूर्वरंग संपला. देवळात वैजूला हार घातला. मग ती चालत थेट पडद्यापाशी आली आणि तिनं कपाळ पुढे केलं. सगळा पडदा नुसतं कपाळ! अण्णांनी बुक्क्याची डबी उघडली, चिमूट घेतली आणि टॅबच्या काचेवर, नेमकी तिच्या भुवयांच्या मध्ये लावली. तिकडे श्रीनिवासनं तिला खरा बुक्का लावला. उत्तररंगभर अण्णांना ती त्या काळ्या ठिपक्यामागूनच दिसत होती. पुसू द्यायला ते तयार नाहीत.

त्या वेळी पाळी बदलली, आणि राऊटर माईंनी घेतला. शिरा उतरवून, हात पुसून आल्या होत्या.

उत्तररंग दत्तजन्माचाच. कथा रंगत गेली. वैजूचा आवाज आता जराही कापत नव्हता. सूर्य बुडायच्या बेतात आला, इकडे आणि तिकडे. जन्माचा क्षण आला आणि, आम्ही हेही विसरलो होतो, जन्माला बसून कोण राहतं? सगळं माजघर फुलं उधळायला उभं राहिलं. राऊटर माणसांच्या गर्दीत बुडाला. आतून अण्णांची हाक आली, "गेली! अरे, गेली!"

आणि मी पाहिलं, माईंनी दोन्ही हात सरळ वर केले. साठी उलटलेल्या, संधिवातानं खांदा धरलेल्या माई. शिंक्यावरचं दह्याचं गाडगं काढायलासुद्धा मला हाक मारायच्या. त्यांनी तो राऊटर डोक्यावर असा उंच धरला, जशी वसुदेवानं यमुनेच्या पाण्यात बाळाची टोपली धरली असेल. भोवती फुलांचा नुसता पाऊस. चार शिंगांवर झेंडूच्या पाकळ्या.

"आली!" अण्णा.

तिकडे शंख, इकडे घंटा. पाळणा हलू लागला. वैजूनं पाळणा म्हटला आणि माजघरानं तो उचलून धरला. मी गर्दीतून वाट काढत माईंपाशी गेले.

"माई, द्या माझ्याकडे. तुम्ही आत जा. बघा तरी तिला. तुम्ही उभ्या आहात तिथून काहीच दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. टॅब खाटेच्या पायथ्याशी होता, आणि माईंच्या आणि त्याच्यामध्ये दाराची अर्धी फळी होती.

"नको," त्या म्हणाल्या. नजर समोरच्या भिंतीवर, हात तसेच वर. "ती उभी आहे ना तिकडे? मग मीही उभीच आहे. संपू दे तिचं."

"हात दुखतील, माई."

"दुखतायत की. पण तू बोलू नकोस, मला ऐकू दे."

आरती झाली. वैजू पुन्हा पडद्याशी आली. घामेजलेली, हसरी, गळ्यात हार. "अण्णा, ऐकलंत? कुठे चुकले?"

"तीन ठिकाणी. उद्या सांगेन," अण्णा म्हणाले आणि नाक शिंकरलं.

"आणि आई कुठंय? आईला दाखवा ना. आज तरी ती बसली की नाही?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं. फळीच्या वर त्यांना दोन हात तेवढे दिसत होते, आणि त्या हातांत लुकलुकणारे हिरवे दिवे.

"तिला नाही दाखवता येणार," ते म्हणाले. "तिला इकडे आणली, की तू जाशील."

वैजूला आधी काही कळलं नाही. मग श्रीनिवासनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण तिनं गळ्यातला हार काढला आणि तो पुढे धरून उभी राहिली.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून जो हार आणून ठेवलाय ना, तो तिला घाल."

मी घातला. सगळं माजघर बघत होतं. माई लाजून अशा लाल झाल्या, की विचारू नका. "अगं, अगं, वायरीत अडकेल!" म्हणाल्या. अडकलाच. शेवंतीचा हार आणि काळी वायर यांची गाठ सोडवता सोडवता आम्ही दोघी हसून हसून भिंतीला टेकलो, राऊटर हलला, आणि इंदूर गेलं ते गेलंच. सुंठवडा वाटून झाला, तरी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो राऊटर माईंनी पुसला, उसना आणला होता म्हणून आठवणीनं देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि देवाला सांगितलं, "घे, पोचला हो निरोप."

आता अण्णा नाहीत, माई नाहीत. घरात लांब वायर आली, भिंतीत पेटी बसली. माणसं कशीही बसोत, चित्र हलत नाही. वैजू ठिकठिकाणी कीर्तनं करते. बुक्का लावून घ्यायच्या आधी तिची नजर एकदा मंडपाच्या मागच्या दाराकडे जाते, हे तुम्ही पाहिलं असेल.

तर माझं एवढंच मागणं आहे. कधी कीर्तनाला बसलात, किंवा लांबचं कुणी काचेवर हसताना दिसलं, तर दारात उभं राहून ऐकणाऱ्या आमच्या माईंची आठवण काढा. त्यांना सगळे माईच म्हणायचे, नाव कुणी घेत नसे, म्हणून सांगून ठेवते. सत्यभामा. सत्यभामा वासुदेव पाध्ये.